शिवण

शरणपूरच्या मागच्या गल्लीत, एलिया रणभिसेंच्या शेडमध्ये
तीन फळ्या भिंतीला टेकून उभ्या आहेत,
बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं नाही, मुलांनीच
खाली मान घालून बसावं, तशा.

पहिला साग.
"हा नव्वद वर्षं टिकेल," काका म्हणतात,
"तू टिकशील का, ते खांद्याला विचार."
उचलून बघते. तयार होऊन साडेपाच किलो तरी भरेल.
दुसरा आंबा. अंगावर शाई सांडल्यासारख्या काळ्या रेघा.
देखणा आहे, आणि त्याला ते माहीत आहे.
तिसरी शिवण,
ताकाच्या रंगाची, हरसूलकडून आलेली,
सहा वर्षं माळ्यावर वाळलेली.

काका बोटाच्या पेरानं एकेकाला वाजवतात,
मी कान लावते.
साग ठक् म्हणतो आणि विषय संपवतो.
आंबा थोडं पुढे बोलतो.
शिवण उत्तर देऊन झाल्यावरही
आत कुठेतरी विचार करत राहते.

दिवसभर मी सातपूरला, पेंट शॉपमध्ये.
उजव्या खांद्यावर सात वर्षांची स्प्रे गन,
डाव्यावर शनिवारचा पट्टा:
गंगापूर रोडच्या हॉटेलात लोक वाइन पितात, आम्ही वाजवतो.
बास कुणी ऐकत नाही.
मी एखादं आवर्तन सोडून दिलं
की मात्र ताटांतून माना वर येतात,
काय हरवलं ते शोधत.

"शिवण," मी म्हणते.
"दोन तुकडे जोडावे लागतील. एवढी रुंद फळी आता कुठली?
मधोमध सांधा दिसेल."
दिसू दे. नावच आहे तिचं.

काका कानामागची पेन्सिल काढतात.
"वरचं शिंग लांब ठेवतो,
नाहीतर हात सोडलास की बास मान टाकेल."
मग मागच्या बाजूला कुठे, किती खरवडायचं
ते मापायला पुठ्ठा माझ्या पोटाशी धरतात.
"श्वास आत घेऊ नकोस. रोज उभी राहतेस तशी राहा."

आणि रंग?
ड्रमवाला प्रणिल म्हणतो काळा, दुसरं काय.
बहीण म्हणते पिकल्या द्राक्षाचा जांभळा.
ऑगस्टिनला सनबर्स्ट हवा, मध्ये मध आणि कडेला जळकं.
मला रंग माहीत आहेत.
एकशेवीस मायक्रॉनखाली पत्रा कसा गप्प होतो,
कितव्या थराला एक दरवाजा
दुसऱ्या दरवाज्यासारखाच दिसायला लागतो,
आणि संत्र्याच्या सालीसारखं जरा खरखरीत आलं
की सुपरवायझर बोट फिरवून म्हणतो, रिजेक्ट.

मला बोट फिरवल्यावर झाड लागायला हवंय.

"नुसतं तेल," मी म्हणते.
काका चष्मा काढून शर्टाला पुसतात. बराच वेळ पुसतात.
"तेलात एकदा लावून सुटका नाही, बाई.
मे महिन्यात ती सगळं पिऊन टाकेल, श्रावणात फुगून बसेल.
घामाचे डाग पडतील. अंगठा टेकतो ती जागा काळी होईल."
"होऊ दे."
"दिवाळीला लाव, नाताळला लाव, तुझं तू बघ.
पण लाव."
मला नरकचतुर्दशीची पहाट दिसते:
पाटावर बास, मी बाह्या सरसावून,
आणि आई दारातून विचारतेय, उटणं पण लावणारेस का?

निघताना पिशवीतून पत्रा काढते,
तांबट गल्लीतून आणलेला, कागदाइतका पातळ.
मागच्या खोबणीत, वायरींचा गुंता असतो तिथे,
हा आतून चहूबाजूंनी लावा,
म्हणजे ट्यूबलाइटची गुणगुण शिरायची नाही.
वरून झाकण, चार स्क्रू.
चकाकी एवढीच, आणि तीही अंधारात.

काका पत्रा उजेडात धरतात.
त्यांच्या पांढऱ्या खुंटांवर तांबूस कवडसा हलतो.
वहीत लिहितात: शिवण. दोन तुकडे. तेल. तांबं.
पेन्सिल थांबते.

"आणि पट्टा रुंद घे," म्हणतात,
"चार बोटं तरी."